लाल गाडी, राखाडी गाडी आणि न हललेली ट्यूब

माझ्या नणंदेने एकदा मनावर घेतलं की विषय संपला. मग तुम्ही डोकं आपटा, रुसून बसा, नाहीतर घर सोडून जा. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात हे शिकले, कारण त्यांनी माझ्या कपाटातले कप्पे त्यांच्या पद्धतीने लावून दिले आणि अठरा वर्षं झाली, ते तसेच आहेत.

घरोघर जाऊन रक्त काढणं हे ताईंचं काम. एकतीस वर्षं झाली. आमच्या लॅबमधल्या त्या सगळ्यात जुन्या, आणि मी त्याच लॅबमध्ये आत, सेंट्रिफ्यूजपाशी. म्हणजे त्या बाहेरून ट्यूबा आणणार, मी त्या गरागरा फिरवणार आणि कुठली चांगली, कुठली बाद ते ठरवणार. नणंदेने आणलेलं भावजयीने बाद करायचं! अशा नोकरीत किती सुख असेल ते तुम्हीच बघा. संध्याकाळी पुन्हा एकाच जिन्याने घरी यायचं, त्या वरच्या दोन खोल्यांत आणि आम्ही खाली.

पेशंट त्यांना 'एकटोची' म्हणतात. एका माणसाला एकच सुई, हा त्यांचा नेम. नवे लोक येतात, दंडाला पट्टा बांधतात, इकडे टोच, तिकडे टोच, माणसाची चाळण करून सोडतात. ताई आधी बसतात. स्वतःचे हात एकमेकांवर घासून गरम करतात. समोरच्याचा हात मांडीवर घेतात, बोटाने चाचपतात आणि शिरेशी बोलतात. खरंच बोलतात. "लपू नकोस गं, मी काही खात नाही तुला." आणि मग एकदाच. पेशंट डोळे मिटून बसलेला असतो आणि ह्या कापूस दाबून उठलेल्याही असतात.

एवढं शांत माणूस, पण गाडीत बसलं की वेगळंच. बाविसाव्या वर्षी इस्पितळाच्या अँब्युलन्सवाल्याकडून गाडी शिकल्या, आणि शिकवणाराच नंतर म्हणायला लागला, "बाई, जरा दमाने." वेग हा त्यांचा एकुलता एक षोक. लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, कुठल्या सहलीला गेल्या नाहीत. पण मोकळा रस्ता दिसला की चेहरा असा फुलायचा, की मला वाटायचं, बाई गं, ह्यांच्या पोटात एक वेगळीच ताई बसली आहे. नशिबाला मात्र गाडी आली ती सोळा वर्षांची, पांढरी, चढावर बैलगाडीशी शर्यत लावली तर हरेल अशी. तिला आम्ही सगळे 'म्हातारी' म्हणायचो.

शहराच्या वर, डोंगरावर, एक वस्ती आहे. जुन्या खाणीतल्या कामगारांची. खाण बंद पडली, तरुण खाली उतरले, म्हातारे वर राहिले. त्यातले चौदाजण आमचे पेशंट. कुणाची किडनी, कुणाचं हृदय, कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या. सोमवारी आणि गुरुवारी त्यांचं रक्त तपासावंच लागतं. खाली यायचं तर दोन बस बदलायच्या, आणि त्यातल्या निम्म्यांना दारातली पायरी उतरवत नाही. ताई अठरा वर्षं तिथे जात होत्या.

आठ महिन्यांपूर्वी गडबड सुरू झाली. वरच्या वस्तीच्या ट्यूबा माझ्याकडे यायच्या, मी फिरवायची, आणि वरचं पाणी गुलाबी! हे पाणी म्हणजे सीरम, ते असायला हवं पिवळसर, स्वच्छ. गुलाबी झालं म्हणजे आतल्या तांबड्या पेशी फुटल्या. रक्त फुटलं, असं आम्ही म्हणतो. फुटलेल्या रक्ताचा रिपोर्ट चुकीचा येतो, आणि किडनीच्या पेशंटच्या बाबतीत तो भलताच घाबरवणारा येतो. म्हणून ट्यूब बाद, आणि पेशंटला पुन्हा टोचायचं. कधी चौदातल्या तीन बाद, कधी पाच. खालच्या शहरातल्या ट्यूबा मात्र ठणठणीत.

मग सगळ्यांनी एकच अंदाज केला. लॅबने केला, मी केला, ताईंनी तर सगळ्यात आधी केला. खालचा रस्ता गुळगुळीत, वरचा खड्ड्यांचा. म्हातारीचे शॉकअब्सॉर्बर कधीच स्वर्गवासी झालेले. रक्त फुटणार नाही तर काय? शिवाय वेळ. पहिल्या टोचणीपासून दोन तासांच्या आत ट्यूबा यंत्रात गेल्या पाहिजेत, आणि उतारावर वाळूच्या ट्रकमागे अडकली की म्हातारी पंचावन्न मिनिटं घ्यायची. दर वेळी घड्याळाशी मारामारी.

लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस ताईंना आत बोलावलं. मी दाराशीच होते, उगाच एक फडकं घेऊन. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर वरची फेरी बंद करावी लागेल. बाद रिपोर्टपेक्षा रिपोर्ट नसलेला बरा."

"आणि ते चौदाजण?" ताईंनी विचारलं.

"ते खाली येतील."

"नाही येणार," ताई म्हणाल्या. "मरतील, पण येणार नाहीत. मी ओळखते त्यांना." आणि बाहेर आल्या त्या थेट मला म्हणाल्या, "गाडी घ्यायची. ह्या महिन्यात."

घरी आमच्या ह्यांनी शहाणपणा सुचवला. हे म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, छापखान्यात जुळारी, स्वभावाने सावध. "ताई, एखादी साधी, मऊ, मोठी गाडी घे. आपल्या वयाला शोभेल अशी."

"मऊ मोठी गाडी त्या वळणावर ट्रकला ओलांडून दाखव मला."

"पण ह्या ज्या तू बघतेयस, त्या पोरांच्या गाड्या आहेत! स्पोर्टी का काय म्हणतात त्या. तुझं वय छप्पन्न!"

"गाडीला अठरा लागतं," ताई म्हणाल्या. "माझं झालंय."



तसं ताईंच्या म्हणण्यात तथ्य होतं. लहान गाडी हवी, कारण वस्तीतल्या गल्ल्या चार हात रुंद. जोर हवा, कारण चढ आणि ट्रक. आणि पाच दारांची हवी, कारण मागे ट्यूबांचं खोकं. पण खरं सांगू का, त्या गाड्यांची चित्रं बघताना त्यांचे डोळे असे चमकायचे, की तथ्य बिथ्य बाजूला. त्यांना ती हवी होती. आयुष्यभर हवी होती. मला त्याचं इतकं बरं वाटलं, की मी ह्यांना टेबलाखालून पाय मारला.

एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन शोरूम. एकीत लाल, एकीत राखाडी. दोन्ही छोट्या, दोन्ही टर्बो, दोन्ही एकमेकींच्या उरावर बसायला तयार केलेल्या. लाल गाडीचा सेल्समन टाय लावलेला, राखाडीचा डोक्यावर गॉगल चढवलेला. टायवाला म्हणाला, "मॅडम, सात सेकंदांत शंभर!" ताईंनी पर्समधून मोजपट्टी काढली आणि त्याची डिकी मोजली. बर्फाचं खोकं बसतं का, आडवं बसतं का, वळणावर सरकेल का. मग पुढच्या सीटवर बसल्या, उतरल्या. बसल्या, उतरल्या. असं चौदा वेळा. टायवाला मोजत राहिला, मग मोजायचं सोडलं.

"सीटची ही कड फार उंच आहे," ताई म्हणाल्या. "मला फेरीत अठ्ठावीस वेळा ओलांडायची आहे."

"ती मॅडम वळणावर तुम्हाला धरून ठेवते."

"मला धरून ठेवायला कुणी नकोय. स्टेपनी कुठंय?"

स्टेपनी नव्हती. हवा भरायचा पंप आणि एक डबा होता. ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की टायवाल्याने स्वतःहूनच माफी मागितली. राखाडीत स्टेपनी होती, सीटची कड बुटकी होती, पण मागची काच एवढीशी, की मागचं जग दिसतच नाही. लालला गिअर हाताने टाकायचे, राखाडी स्वतःचे स्वतः बदलणारी. ताईंना आपोआपच्या गाडीचा तिटकारा. "गाडी आपण चालवायची, का तिने आपल्याला?" लाल गाडीचा गिअर त्यांनी नुसता उभ्या उभ्या हलवून बघितला, आणि मी समजले, मन इथे बसलं आहे. फक्त जाताना त्या डावा अंगठा चोळत होत्या, हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी सोडून दिलं.

पण गाडी पसंत पडून उपयोग नाही, रक्ताला पसंत पडली पाहिजे. दोन्ही गाड्यांच्या स्प्रिंगा कडक. तेव्हा ताईंनी जी शक्कल काढली ती कुठल्याही गाडीवाल्याच्या डोक्यात आली नसती. "मंगळवारी लाल, बुधवारी राखाडी. दोन्हींत रक्ताच्या तीन तीन ट्यूबा ठेवायच्या, वस्तीपर्यंत जाऊन परत यायचं आणि तू फिरवायच्या. जिची ट्यूब पिवळी, ती गाडी माझी."

"आणि रक्त कुणाचं?" मी विचारलं.

दोघींनी एकदमच ह्यांच्याकडे बघितलं.

मंगळवारी सकाळी हे लॅबच्या खुर्चीत बसले. सुई बघूनच चेहरा पांढराफटक. "ताई, लहानपणी तू माझ्या वाटचा खाऊ खायचीस, तेवढ्यावर भागलं नाही का?"

"गप बस. डोळे मीट." ताईंनी सिरिंज घेतली. खाली शहरात त्या व्हॅक्यूमच्या ट्यूबा वापरतात. सुई टोचली की ट्यूब आपली आपण रक्त ओढून घेते. पण म्हातारपणाच्या बारीक शिरा त्या ओढीने चपट्या होतात, म्हणून वरच्या वस्तीत सिरिंज, हाताने दट्ट्या ओढायचा. परीक्षा खरी व्हायची तर इथेही तसंच. एकदाच टोचलं, चार ट्यूबा भरल्या. तीन खोक्यात गेल्या. चौथी त्यांनी माझ्या स्टँडवर ठेवली.

"ही कशाला?"

"एक न हललेली नको का तुलनेला? शिकली आहेस ना तू?" हे असं बोलणं मी अठरा वर्षं ऐकते आहे.

टायवाला शेजारी बसून गेला. खोकं त्याच्या मांडीवर दिलं होतं. अर्ध्या रस्त्यात त्याने आत काय आहे विचारलं, ताईंनी सांगितलं, आणि म्हणे उरलेला रस्ता तो सात सेकंदांबद्दल काही बोलला नाही. उताराला ताईंनी छत्तीस मिनिटं लावली. परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल, पंचवीस वर्षांच्या दिसत होत्या. "काय गाडी आहे गं! ट्रक मागे असा गेला, असा!"

मी ट्यूबा फिरवल्या. तिन्ही गुलाबी.

ताईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "ठीक आहे. लाल बाद. उद्या राखाडी." आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी चौथी ट्यूब यंत्रात टाकली. स्टँडवरून जी तसूभर हलली नव्हती, ती. यंत्र थांबलं, झाकण उघडलं. तीही गुलाबी होती.

मी स्वतःला दहा कारणं दिली. ट्यूब खराब असेल. मी वेग जास्त लावला असेल. ह्यांचंच रक्त भित्रं असेल! एरवी माझं तोंड म्हणजे फुटका नळ, सगळ्या लॅबला माहीत आहे. पण त्या दिवशी संध्याकाळी जिना चढून वर गेले, ताई खुर्चीत बसून राखाडी गाडीचं पुस्तक वाचत होत्या, आणि मी नुसती चहाचा कप ठेवून खाली आले. धीर झाला नाही.

बुधवारी ह्यांचा दुसरा हात. पुन्हा चार ट्यूबा. आता मी बघत होते. सुईकडे नाही, ताईंच्या अंगठ्याकडे. दट्ट्या ओढताना तो थांबायचा, थरथरायचा आणि मग एकदम हिसका बसायचा. थांबायचा, हिसका. सुई शिरेत अचूक, एकदाच. पण रक्त सिरिंजमध्ये ओढाताणीने येत होतं. ह्यांना काही कळलं नाही. ताईंनाही नाही, कारण त्या नेहमीसारख्या शिरेकडे बघत होत्या.

गॉगलवाल्याला घेऊन त्या एकोणचाळीस मिनिटांत उतरून आल्या. मी ट्यूबा फिरवल्या. तिन्ही गुलाबी.

ताईंनी त्या ट्यूबा एकेक करून उजेडात धरून बघितल्या. मग म्हणाल्या, "स्टँडवरची दाखव."

"ताई, चहा घेऊ या का आधी..."

"स्टँडवरची दाखव म्हणते ना."

दाखवली. गुलाबी.

"आणि कालची?"

मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हे बसले होते त्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाल्या, "आता तू काढ. सिरिंजनेच."

"अगं, माझ्यात काही उरलंय का?" हे ओरडले, पण ताईंचा चेहरा बघून बाही वर केली. मी काढलं. अर्धा तास थांबून फिरवलं. सीरम पिवळं, स्वच्छ, कुठल्याही पुस्तकात छापावं असं.

म्हणजे रस्ता नव्हता. म्हातारीही नव्हती. खाली व्हॅक्यूमची ट्यूब, म्हणून तिथलं रक्त चांगलं. वर सिरिंज आणि ताईंचा अंगठा, म्हणून तिथलं फुटायचं. एवढं साधं गणित आठ महिने आमच्यातल्या एकीलाही सुटलं नव्हतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की," हे हळूच म्हणाले. "बिचारी म्हातारी."

मी डोळे वटारले. पण ताई खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना अठरा वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. "आठ महिने," त्या म्हणाल्या. "आठ महिने त्या म्हाताऱ्यांना मी दोनदोनदा टोचलं, आणि प्रत्येक वेळी सांगितलं, गाडीने घात केला हो. नाचता येईना अंगण वाकडं! अंगठा दुखत होता मला. वर्षभर दुखतोय. मी म्हटलं, दुखतोय तर दुखू दे, त्याला काय विचारायचं."

मला त्यांची इतकी माया आली, की मी त्यांचा तो अंगठा हातात धरला. बुडाशी सांधा सुजून टणक झाला होता. मी रोज त्यांच्या हातून ट्यूबा घेत होते आणि मला कधी दिसला नाही. माझाच राग आला मला.

पाच मिनिटं रडल्या असतील. मग नळावर जाऊन तोंड धुतलं, पदराने नव्हे, लॅबच्या कागदाने खसाखसा पुसलं आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघाल्या.

"ताई, थांबा! आज नका सांगू. कामावरून काढतील तुम्हाला."

"काढू देत. खोटं कारण लिहून चौदा घरं बंद होणार असतील तर मला ती नोकरी नको." आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. बाई कडक, पण न्यायाची. म्हणाल्या, "खाली शहरात व्हॅक्यूमवर तुमचं काम चालू राहील. अंगठा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पण वरची फेरी? तिथे सिरिंजच लागणार, आणि माझ्याकडे वर पाठवायला माणूस नाही."

"ही आहे," ताई म्हणाल्या.

मी! मला कुणी विचारलं होतं का?

"तिला साडेआठला सेंट्रिफ्यूज सुरू करावं लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"साडेआठच्या आत आणीन. म्हातारीने जमलं नसतं. नव्या गाडीने जमेल. ही टोचेल, मी चालवीन. दोन तासांच्या आत ट्यूबाही येतील आणि हीसुद्धा." मग माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आला. "येशील ना गं?"

पहाटे उठायचं, आमच्या ह्यांच्या डब्याचं बघायचं, वळणावर मला मळमळतं ते वेगळंच. मी म्हटलं, "येईन. पण ट्रकला ओलांडताना मला आधी सांगायचं. मी डोळे मिटून घेईन."

डॉक्टरीणबाईंनी महिनाभराची मुदत दिली. एक जरी ट्यूब उशिरा आली किंवा फुटली तर फेरी बंद.

राहिली गाडी. आता धक्क्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही गाड्या सारख्याच निर्दोष. मला वाटलं, चला, निदान मनासारखी लाल तरी मिळेल ताईंना. तीन मिनिटं जलदही होती. शोरूममध्ये जाऊन त्या लाल गाडीत बसल्या, दार लावून घेतलं आणि गिअर टाकायला लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. मी काचेतून बघत होते. विसाव्या-बाविसाव्या वेळी ओठ घट्ट मिटले गेले. तरी चाळीसपर्यंत मोजलं त्यांनी. वस्तीच्या वळणांना तेवढे लागतात. मग उतरल्या, लाल गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि टायवाल्याला म्हणाल्या, "गाडी फार छान आहे तुमची. मी नाही तिच्या लायकीची." तो बिचारा काही बोलायच्या आत रस्ता ओलांडून समोरच्या शोरूममध्ये गेल्याही. राखाडीच्या एवढ्याशा मागच्या काचेबद्दल त्यांनी गॉगलवाल्याला शेवटपर्यंत टोमणे मारले, आणि सही केली.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार. पावणेसहाला निघालो. ताईंच्या अंगठ्याला हाडांच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा. मी दोन ट्रकांना डोळे मिटले, तिसऱ्याला उघडे ठेवले. खोटं कशाला बोलू, तिसऱ्याला मजा आली.

पहिलं घर हेडमास्तरांचं. खाणीतल्या शाळेचे ते हेडमास्तर होते, आता पलंगावरून उठत नाहीत. ताईंना बघताच त्यांनी सवयीने बाही वर केली आणि हात ताईंपुढे केला. ताईंनी तो हात अलगद पुन्हा पलंगावर ठेवला. मग बोलल्या. "सर, आजपासून माझी भावजय काढणार रक्त. आणि आधी एक ऐकून घ्या. गेले आठ महिने तुम्हाला जी दुसरी सुई बसायची, ती गाडीमुळे नव्हती. माझा अंगठा गेला आहे. चूक माझी होती आणि मी गाडीवर ढकलली. मला कळलं नव्हतं, पण कळायला हवं होतं."

हेडमास्तरांनी चष्मा चढवून ताईंचा पट्टा बांधलेला अंगठा बघितला. माझ्या हातात सिरिंज तयार. मग त्यांनी विचारलं, "किती घरांत सांगायचं आहे हे?"

"चौदा."

"तेरा राहिली," ते म्हणाले, आणि हात माझ्याकडे वळवला. "हं, काढा."

मी शिरेशी काही बोलले नाही, मला जमत नाही. पण एकदाच टोचलं.

दुसऱ्या घरात ताईंनी तेच सांगितलं. तिसऱ्या घरातले काका रागावले. "आणि आम्ही तुमच्या गाडीला शिव्या घालत बसलो!" असं म्हणून दोन शब्द ऐकवलेच त्यांनी. ताईंनी मान हलवत ऐकून घेतले. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरात तेच. सातव्या घरात बहिऱ्या आजी. ताईंनी सांगितलं, आजी म्हणाल्या, "काय? कुणाचा अंगठा?" ताई मोठ्याने बोलल्या. आजींनी कानाला हात लावला. "कोण गेलं?" मला हसू आवरेना आणि रडूही. ताई उठल्या, आजींच्या कानाशी वाकल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडल्या, "आजी! चूक माझी होती! गाडीची नव्हती! माझी!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. आजी समाधानाने म्हणाल्या, "मग एवढं हळू काय बोलतेस, सांग की नीट." आणि हात पुढे केला.

पुढच्या सातही घरांना आता आपोआपच ऐकू गेलं होतं. आठव्या दारातल्या बाई तर म्हणाल्याच, "कळलं हो आम्हाला, या आत." मी ताईंना म्हटलं, "झालं की आता, किती वेळा सांगाल? उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "उशीर मी भरून काढीन. तू टोच." आणि सातही घरांत, समोर उभं राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता सांगितलं.

उशीर त्यांनी भरून काढला. कसा, ते मी ह्यांना सांगितलेलं नाही.

आठ सव्वीसला मी सेंट्रिफ्यूजपाशी होते. यंत्र थांबेपर्यंत ताई हलल्या नाहीत. झाकण उघडलं. चौदाच्या चौदा पिवळ्या. मी आनंदाने ओरडलेच. ताईंनी एकेक ट्यूब उचलून उजेडात धरली, खाली ठेवली, पुढची उचलली. चौदावी ठेवून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले होते.

"दंडाचा पट्टा फार आवळून बांधतेस तू," त्या म्हणाल्या. "गुरुवारी सैल बांध. हेडमास्तरांना दुखलं, ते बोलले नाहीत."